मास कम्युनिकेशनसाठी कर्ज काढावं का? सोलापूरच्या घरांसाठी हिशेबाची पद्धत

निकाल लागले की सोलापुरात एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. "पोरगी मास कॉमला जायचं म्हणतेय, पुण्याला. बँक कर्ज देते म्हणे. काढू का?" विचारणारे वडील फीचा आकडा अगदी पाठ सांगतात. हप्ता किती बसेल हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. आणि पोरीचं किंवा पोराचं पुढचं दशक कसं जाणार ते फीपेक्षा त्या हप्त्यावर जास्त ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, व्हिडिओ, डिजिटल कंटेंट ही सगळी चांगली आणि कष्टाची क्षेत्रं आहेत. मुलांनी तिकडे जावं असं मला मनापासून वाटतं. पण डॉक्टरकी किंवा वकिलीसारखं इथे पदवीशिवाय दार बंद नसतं. संपादक किंवा एजन्सीवाला आधी तुमचं काम बघतो, पदवी नंतर. म्हणून या शिक्षणासाठी कर्ज काढायचं तर पहिल्या नोकरीत सहज फिटेल एवढंच काढावं. ते किती, हे कागद-पेन घेऊन एका संध्याकाळी काढता येतं.

पहिलं काम: पूर्ण खर्च लिहा

कॉलेजच्या माहितीपत्रकात शिकवणी फी मोठ्या अक्षरात असते. त्याखाली प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, स्टुडिओ किंवा लॅबचं शुल्क, अनामत रक्कम, शैक्षणिक सहल अशा ओळी असतात. त्या सगळ्या वहीत उतरवा. मग राहणं (हॉस्टेल किंवा कॉट बेसिसवर खोली), मेस, बस-मेट्रो आणि वर्षातून चार-पाच वेळा सोलापूरला येणं-जाणं धरा. या कोर्सला स्वतःचे खास खर्चही असतात. व्हिडिओ एडिटिंग झेपेल असा लॅपटॉप, कॅमेरा किंवा निदान बरा फोन, माइक, हार्ड डिस्क. शिवाय इंटर्नशिप. ती पुष्कळदा बिनपगारी असते आणि मुंबईत मिळाली तर दोन महिने तिथे राहण्याचा खर्च घरूनच करावा लागतो. तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

उदाहरणासाठी एक घर धरू. हे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. पुण्यातल्या खासगी संस्थेत तीन वर्षांची पदवी. फी वर्षाला दीड लाख, राहण्या-खाण्याचे आणि बाकीचे १.२० लाख. वर्षाला २.७० लाख, तीन वर्षांचे ८.१० लाख. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई शिवणकाम करते, घरून होणार २.१० लाख. उरलेलं ६ लाख कर्ज.

दुसरं काम: हप्ता सुरू होईल त्या दिवशीची रक्कम काढा

इथे सगळ्यात जास्त घरं फसतात. ६ लाख घेतले म्हणजे ६ लाख फेडायचे, अशी समजूत असते. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळ व्याजाने मोजलं जातं आणि न भरल्यास हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं.

दर १० टक्के धरू. दरवर्षी २ लाख उचलले. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर चार वर्षांचं व्याज ८०,०००, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन वर्षांचं ६०,०००, तिसऱ्यावर दोन वर्षांचं ४०,०००. एकूण १.८० लाख. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज ७.८० लाख झालेलं असतं.

घाईत हिशेब करायचा तर एक सोपी युक्ती. १० टक्के दर आणि दरवर्षी सारखी रक्कम असेल, तर तीन वर्षांच्या कोर्सला घेतलेल्या कर्जाची १.३ पट, दोन वर्षांच्या कोर्सला सव्वा पट.

आता हप्ता. १० टक्के दराने दर एक लाखामागे महिन्याचा हप्ता असा येतो:

- ५ वर्षं: २,१२५ रुपये
- ७ वर्षं: १,६६० रुपये
- १० वर्षं: १,३२२ रुपये
- १५ वर्षं: १,०७५ रुपये

७.८० लाखांना १० वर्षांसाठी हप्ता साधारण १०,३०० रुपये. एकूण फेड सुमारे १२.३७ लाख. मुदत १५ वर्षं केली तर हप्ता ८,४०० च्या आसपास येतो, पण एकूण फेड १५ लाखांच्या वर जाते. बँकेत "हप्ता कमी करून देतो" असं सांगितलं जातं तेव्हा बहुधा मुदतच वाढवलेली असते.

तिसरं काम: पगाराचा खरा आकडा

यावर सर्वाधिक वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त भुलावण इथेच आहे.

कॉलेजच्या जाहिरातीत "सर्वाधिक पॅकेज" असतं. ते बॅचमधल्या एकाच मुलाचं असतं. प्लेसमेंट विभागाला फोन करून हे विचारा: गेल्या वर्षी बॅचमध्ये किती मुलं होती? त्यातली किती नोकरीला लागली? मधल्या मुलाचा पगार किती, म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त असा आकडा कोणता? नोकऱ्या बातमी, मजकूर, व्हिडिओ, जनसंपर्क यांतल्या की विक्रीच्या? बिनपगारी इंटर्नशिप प्लेसमेंटमध्ये मोजली का? उत्तरं टाळली गेली तर तेही उत्तरच समजा.

मग त्याच कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली पाच-सहा मुलं लिंक्डइनवर शोधा आणि सरळ विचारा: "ताई, पहिल्या नोकरीत हातात किती येत होते?" सोलापूरचं नाव सांगितलं की बहुतेकजण मोकळेपणाने बोलतात. ज्यांनी क्षेत्र सोडलं त्यांच्याशी आवर्जून बोला. कॉलेज त्यांची नावं कधीच देणार नाही.

पॅकेज आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक एका ऑफर लेटरवर पाहू. वर्षाला ३ लाख लिहिलंय, म्हणजे महिना २५,००० वाटतात. त्यात मूळ वेतन १२,५००. कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,५०० आणि ग्रॅच्युइटीसाठी सुमारे ६०० याच २५,००० मध्ये धरलेले असतात. तुमच्या वाट्याचे १,५०० वेगळे कापले जातात. वर व्यवसाय कर २०० (मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही). खात्यात जमा होतात साधारण २१,२००. त्यात "कामगिरीनुसार" मिळणारी रक्कम धरलेली असेल तर आणखी कमी.

माध्यमांत दुसरा प्रकारही सर्रास आहे. नोकरी न देता "कन्सल्टंट" किंवा "रिटेनर" म्हणून करार करतात. मग निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, आणि मानधनातून १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण काही महिन्यांनी. हप्ता मात्र दर महिन्याला जाणार.

चौथं काम: उरतं किती?

पगार किती याहून उरतं किती ते महत्त्वाचं. पुण्यात हातात २१,२००. कॉट बेसिसवर ६,५००, मेस ३,८००, प्रवास १,७००, मोबाइल-नेट ५००, बाकी २,०००. खर्च १४,५००. उरले ६,७००.

याच्याशेजारी १०,३०० चा हप्ता लिहून बघा. बसत नाही. १५ वर्षांचा ८,४०० चाही बसत नाही. मग हप्ता वडिलांच्या खात्यातून जायला लागतो आणि पोरगी घरी फोन करायला टाळू लागते.

माझा नियम असा आहे की हप्ता उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त नको. काहींना तो फार कडक वाटतो. पण या क्षेत्रात करार मध्येच संपतात, चॅनेल किंवा दैनिकाची आवृत्ती बंद होते, लॅपटॉप ऐन कामात बसतो, घरी कुणी आजारी पडतं. उरलेला निम्मा भाग त्यासाठी लागतो.

आता उलटं मोजा. ६,७०० चे निम्मे ३,३५०. सात वर्षांची मुदत धरली तर ३,३५० भागिले १,६६० म्हणजे साधारण २ लाख. हप्ते सुरू होताना एवढंच कर्ज असावं. तीन वर्षांच्या कोर्ससाठी १.३ ने भागा: सुमारे १.५५ लाख. दोन वर्षांच्या कोर्ससाठी सव्वाने भागा: सुमारे १.६० लाख. या घराने एवढंच कर्ज घ्यावं. बँक ६ लाख द्यायला तयार आहे म्हणून ६ लाख झेपतात असं होत नाही.

हाच हिशेब सोलापुरात राहून करा. एखाद्या दैनिकाच्या स्थानिक आवृत्तीत, हॉस्पिटलच्या किंवा सराफाच्या सोशल मीडियाचं काम बघणाऱ्या छोट्या एजन्सीत हातात १४,००० येतात असं धरू. घरून जायचं-यायचं, पेट्रोल, मोबाइल, घरात थोडे पैसे, असे ५,००० गेले तरी ९,००० उरतात. पुण्यापेक्षा जास्त! पुढची वाढ सोलापुरात संथ असते, मोठी कामं कमी असतात, हे खरं आहे. पण पहिली दोन-तीन वर्षं अनुभव घ्यायला आणि कर्ज हलकं करायला गाव वाईट नाही. अट एकच: पगाराबरोबर जाहिराती आणण्याचं उद्दिष्ट गळ्यात पडतंय का, ते कामाला लागण्याआधी विचारा. काही ठिकाणी वार्ताहराची खरी कमाई बातमीवर नसते, जाहिरातीच्या कमिशनवर असते.

पाचवं काम: कर्ज लहान करा

सहा लाखांचं कर्ज दीड लाखावर आणायचं कसं? बहुतेक घरांसाठी मला एक रस्ता सगळ्यात पटतो. पदवी सोलापुरात घरी राहून घ्या, बाहेर जायचं ते पदव्युत्तर शिक्षणाला, आणि शक्यतो सरकारी विद्यापीठाच्या विभागात.

आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात, केगावच्या आवारात, मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. अशा सार्वजनिक संस्थांची आणि खासगी अभिमत विद्यापीठांची फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जागा थोड्या असतात, पण तयारी घरी बसून होते.

त्याच घराचा हिशेब या रस्त्याने: पदवीच्या तीन वर्षांत २.१० लाखांतले ६०,००० गेले, दीड लाख उरले. एमएची दोन वर्षं बाहेर, वर्षाला सगळं मिळून १.४० लाख, एकूण २.८० लाख. कर्ज लागलं १.३० लाख. हप्ते सुरू होताना ते सुमारे १.६३ लाख. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता ३,४५० च्या जवळ. हा निम्म्याच्या जवळपासच आहे, पेलतो. कमाई दोन वर्षं उशिरा सुरू होते हा तोटा आहेच. मात्र हातात पदव्युत्तर पदवी असते, नेट-सेट देऊन अध्यापनाकडे जाता येतं, आणि दरम्यान पदवीची तीन वर्षं स्वतःचं काम जमवायला मिळालेली असतात.

ती तीन वर्षं वाया घालवू नका. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करा. आषाढीला पंढरपुरात जाऊन सफाई कामगारांवर लिहा. यंत्रमागावर, डाळिंबाच्या बागांवर, विडी कामगारांवर वार्तांकन करा. आणि भाषा! या शहरात पोरं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा दखनी, शाळेत मराठी बोलत वाढतात. सबटायटल, डबिंग, अनुवाद, आवाज देणं यांत दोन-तीन भाषा सहज येणाऱ्याला जे काम मिळतं ते एकभाषिक मुलाला मिळत नाही. शहराच्या पूर्व भागातली मुलं ही गोष्ट बायोडेटात लिहायलासुद्धा लाजतात. पहिल्याच ओळीत लिहा.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारचं महाडीबीटी पोर्टल आणि बाकीच्या सरकारी योजना पाहा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. कुठला अभ्यासक्रम कुठल्या योजनेत बसतो ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडून प्रवेशाआधी तपासून घ्या. फी माफ होईल असं धरून प्रवेश घेतला आणि कोर्स यादीत नाही हे दिवाळीत कळलं, असं होऊ देऊ नका. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

सहावं काम: बँकेत जाताना

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. तारणाबाबत रिझर्व्ह बँकेची सूचनाही तशीच आहे. ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा तुमचा. ७.५० लाखांपर्यंत केंद्राच्या कर्ज हमी निधीखाली तारण आणि तिसऱ्याचा जामीन न घेता कर्ज देण्याची सोय आहे. ४ लाखांच्या आतल्या कर्जासाठी घराचे कागद मागितले, तर नकार लेखी मागा आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण-जामिनाशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या बिनहप्त्याच्या (सवलतीच्या) काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश यात चालत नाही. उत्पन्न ४.५० लाखांपर्यंत असेल तर या काळातलं पूर्ण व्याज केंद्र भरतं अशी वेगळी सोय आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. तुमचा कोर्स त्यात धरला जातो का, हे शाखेत विचारून लिहून घ्या.

मंजुरी पत्र घरी आणून निवांत वाचा. व्याजदर बदलता की स्थिर? शिकत असताना व्याज भरलं तर दरात सवलत आहे का? बऱ्याच बँका १ टक्का देतात. विमा सक्तीने जोडलाय का, त्याचा हप्ता कर्जातच मिळवलाय का? प्रक्रिया शुल्क किती? बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि एक कळकळीची सूचना. शहरात "डिजिटल मीडिया डिप्लोमा", "अँकरिंग अकादमी" अशा नावांच्या खासगी संस्था असतात. कोर्सला मान्यता नसल्यामुळे बँक शैक्षणिक कर्ज देत नाही, मग संस्थेतच बसलेला माणूस फायनान्स कंपनीचा फॉर्म पुढे करतो. ते बहुधा साधं वैयक्तिक कर्ज असतं. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू, सवलतीचा काळ नाही, व्याज चढं. कोर्स मध्येच बंद पडला तरी हप्ता थांबत नाही. तिथे सही करू नका. आईचे दागिने सोनेतारणात ठेवून किंवा पतसंस्थेतून उचलून फी भरणंही टाळा. शिकतानाच फेड सुरू करायची ताकद असेल तरच तो विचार.

सातवं काम: शिकत असताना

जमेल तेवढं व्याज दर महिन्याला भरा. ६ लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना १,६६७ होतं, दुसऱ्या वर्षी ३,३३३, पुढे ५,०००. सगळं भरलं तर हप्ते ६ लाखांवरच सुरू होतात, १० वर्षांचा हप्ता १०,३०० ऐवजी ७,९०० च्या आसपास येतो आणि एकूण लाखभर रुपये वाचतात. लग्नसराईतलं व्हिडिओ एडिटिंग, क्लासवाल्यांची पोस्टर्स, अनुवाद यांतून दोन हजार सुटले तरी ते थेट कर्ज खात्यात टाका. पावतीवर "व्याज" म्हणून नोंद होतेय ना, ते पाहा.

करसवलतीच्या भरवशावर मोठं कर्ज घेऊ नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत ८ वर्षं मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या पगाराला या सवलतीचा उपयोग जवळपास शून्य.

हप्ता अडला तर

नोकरी गेली, करार संपला, तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. मुदत वाढवणं किंवा काही महिन्यांची उसंत यावर बोलणी होऊ शकतात. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादित, म्हणजे फेड थांबलेलं, ठरतं. या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे त्यांचाही सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक) बिघडतो. उद्या धाकट्याच्या शिक्षणाला किंवा घराला कर्ज मागायला गेल्यावर ते समोर येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

कर्ज फिटल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला आणि तारण दिलं असेल तर मूळ कागद परत घ्या. दोन महिन्यांनी कर्जदार आणि सहकर्जदार दोघांच्याही नावाचा सिबिल अहवाल काढून खातं "बंद" दाखवतंय का ते तपासा.